दार मिटतं

माझा राग कायम नाकावर. घरात मला ठिणगी म्हणतात, आणि ते काही लाडाने नाही. त्याच रागात दोन वर्षांपूर्वी मी गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "बाबा, तुमचा कान गेलाय आता."

भांडण एका दारावरून. आमचं गॅरेज जुन्या गाड्यांचं, आणि ते दार दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या चंदेरी कूपेचं. पन्नास वर्षांपूर्वीची जर्मन गाडी. दोनच दारं, लांब नाक, आणि मधे खांबच नाही. बाजूच्या चारही काचा खाली केल्या की या बाजूचा उजेड सरळ त्या बाजूला जातो, छत कशावर उभं आहे तेच कळत नाही. लहानपणी मी अशाच एका कूपेच्या मागच्या सीटवर पडून राहायचे. बाबा काम करता करता सांगायचे, तिकडे लांबच लांब सरळ रस्ते, आणि माणसं कुठे पोचायचं नसलं तरी निघायची, नुसतं जाण्याच्या सुखासाठी. जॅकवर चढवलेली ती गाडी मला कुठल्या कुठे घेऊन जायची. अजून नेते.

इतर गाड्यांचं दार लागतं, हिचं मिटतं, असं बाबा म्हणायचे. पापणीसारखं. त्या दिवशी ते म्हणाले, "हे अजून मिटत नाहीये." त्यावर मी ते कानाचं बोलले. त्यांनी पाना ठेवला, हात पुसले आणि घरी गेले. तेव्हापासून अबोला. जेवताना मीठ मागायचं तरी आईमार्फत. "मिटवा आता एकदाचं," आई वैतागून म्हणायची. पण हट्टात मी बाबांवरच गेलेय.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. "वेग घेतला की काचेपाशी शिट्टी वाजते. तुमच्याकडून नेली तेव्हापासून. मला वाटलं, जुन्या गाडीचं असंच असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या काचेला चौकट नसते. दार केसभर बाहेर राहिलं तरी ती रबरावर नीट टेकत नाही. बाबांना ते तेव्हाच ऐकू आलं होतं.

चार दिवस बिजागऱ्यांशी झटले. दार लागत होतं, मिटत नव्हतं. पाचव्या दिवशी घरी जाऊन बाबांसमोर उभी राहिले. "कान माझाच गेला होता, बाबा. चुकले मी. चला ना." त्यांनी चपला घातल्या.

गॅरेजात ते कूपेच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि डोळे मिटले. मी पुढे बसून दार ओढून घेतलं. आरशात त्यांनी मान हलवली. उतरले, बोल्ट जरासा सैल केला, दार गुडघ्याने उचलून धरलं, बोल्ट आवळला, पुन्हा बसले. पुन्हा नकार. दुपारचं ऊन एका काचेतून दुसऱ्या काचेत सरकत गेलं. किती वेळा उतरले, आठवत नाही. मग एकदा दार ओढलं, आणि शेजारच्या दुकानातल्या हातोड्याचा आवाज एकदम लांब गेला. गाडी कुठेतरी निघाल्यासारखी वाटली.

बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मिटलं, ठिणगे."

"दार?" मी विचारलं.

"दारसुद्धा," ते म्हणाले.