घंटीनंतरचे वाक्य

या मित्रांनो, जरा पुढे सरका. लांब उभे राहिलात तर माझा आवाज पोचेल, पण गोष्ट पोचायची नाही. बसलात? मग ऐका. एका दुपारी एका मुलीची पदवी माझ्या टोल्यापाशी येऊन अडकली होती, त्या दुपारची हकिकत आज सांगते. हरीचे नाव घ्यावे आणि सुरुवात करावी.

मी एक जुनी टेबलघंटी आहे. पितळेची, वाटी पालथी घातल्यासारखी. डोक्यावर एक कळ आहे. ती दाबली की पोटातली हातोडी उसळते आणि मी "टण्" करते. एवढेच माझे आयुष्य. पनवेलच्या बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात मी होते, तेव्हा माझ्या शेजारच्या खणात टाळांच्या जोड्या टांगलेल्या असत. भजनी मंडळाचे लोक येत, दोन-दोन जोड्या वाजवून बघत, कान लावून ऐकत, मग घेऊन जात. मला वाटे, मलाही कोणीतरी असेच देवळात नेईल. मला नेले ते महाविद्यालयाच्या शिपायाने, पावती करून, पिशवीतून.

तिथे मी पहिली काही वर्षे प्राचार्यांच्या टेबलावर मानाने राहिले. दर शनिवारी शिपाई दयाराम मला चिंच लावून घासायचा आणि म्हणायचा, "बघ, आरशासारखी केली तुला. आता साहेबांनी एकदा तरी कमी वाजवली म्हणजे झालं!" पुढे प्राचार्यांच्या टेबलावर विजेचे बटण आले. मी कपाटात गेले, जुन्या हजेरीपटांच्या खाली. किती वर्षे गेली ते मला ठाऊक नाही. पितळ काळे पडले एवढे खरे.

मग एक दिवस कपाट उघडले. मराठी विभागाला माझी गरज पडली होती.

कारण असे की, आता नुसते गुण देऊन भागत नव्हते. तीन वर्षे शिकून विद्यार्थ्याला नेमके काय येऊ लागले, तेही मोजून दाखवायचे होते. त्याला म्हणायचे अध्ययन निष्पत्ती. मराठीच्या पदवीला अशा आठ निष्पत्ती ठरल्या होत्या. त्यातली तिसरी माझ्या वाट्याला आली : "विद्यार्थी ठरलेल्या वेळेत आपला विचार सुसंगतपणे मांडू शकतो." त्यासाठी वीस गुणांची तोंडी परीक्षा. प्रत्येकाला पाच मिनिटे. चौथ्या मिनिटाला इशाऱ्याचा एक टोला, पाचव्याला दोन. दोन टोल्यांनंतर बोललेले मोजायचे नाही. आणि कोणी सात मिनिटांच्या पुढे गेले, तर त्याची तोंडी रद्द.

परीक्षक होते कमळाकर सर. पन्नाशीचा शांत माणूस. गावात कुठेही कीर्तन असो, सर पोचायचेच. वर्गातसुद्धा एखादा मुलगा छान बोलला की त्यांचा तळवा नकळत मांडीवर ताल धरायचा. सरांच्या या सवयीने पुढे काय केले, ते ऐका.

एप्रिलचा महिना होता. पंखा गरम वारा ढकलत होता. बाहेर व्हरांड्यात बत्तीस मुले रांगेत, आत सर, मी आणि सरांचे मनगटी घड्याळ. एकेक मूल आत येई, बोले, मी वाजे, ते बाहेर जाई. कळंबोलीचा हितेश आला. बिचारा चांगला बोलत होता, पण निष्कर्षावर येता येता माझे दोन टोले पडले आणि त्याचे तोंड उघडेच राहिले. मला वाईट वाटले, पण घंटीला कुठले वाईट आणि कुठले बरे!

त्याच्यामागून, सगळ्यांत शेवटी, किशोरी आली. उरणच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. रोज दोन वाहने बदलून यायची. वस्तीतली पहिली पदवीधर होणार होती. बी.एड.ची प्रवेश परीक्षा ती पास झालेली होती, पण पदवीचे गुणपत्रक वेळेत लागले नाही तर ती जागा जाणार होती. तिचा विषय होता "कीर्तनातला श्रोता".

ती बोलू लागली आणि मित्रांनो, खोलीतला पंखासुद्धा हळू झाल्यासारखे वाटले. आधी तिने विषय ठेवला, मग दाखला उलगडत नेला. सरांचा डावा तळवा उठला आणि येऊन पडला तो माझ्या डोक्यावर! हळूहळू तिथेच ताल धरू लागला. चौथे मिनिट गेले. पाचवे गेले. मी दबलेल्या अंगाने ओरडायला बघत होते, पण वाटीवर तळवा असला की पितळेला आवाज फुटत नाही. आणि खरे सांगू? मलाही ओरडायचे नव्हते. मीही ऐकत होते.

तिचे बोलणे संपले तेव्हा सरांनी डोळे पुसले, "रामकृष्ण हरी" म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिले. अकरा मिनिटे झाली होती.

सरांचा तळवा माझ्या डोक्यावर होता तसाच थंडगार पडला.

"काय झालं सर?" किशोरीने विचारले.

"तू बाहेर थांब," सर कसेबसे म्हणाले. "तुझी काही चूक नाही. थांब जरा."

पण बाहेर हितेश मोबाइलवर वेळ लावून बसला होता. दार उघडताच तो उभा राहिला.

"सर, किशोरी आत अकरा मिनिटं होती. मला पाचव्याला कापलंत. फेअर नाही हे."

"तू परीक्षा द्यायला आलास की पहाऱ्याला?" किशोरी तडकून म्हणाली.

"तुला काय जातंय बोलायला! सरांची लाडकी ना तू. तुमच्या कोळीवाड्यात घड्याळ नसतंच वाटतं?"

"असतं. भरती-ओहोटी म्हणतात त्याला. तुझ्या मोबाइलसारखं चार्ज करावं लागत नाही."

मुले हसली. सर हसले नाहीत. त्यांनी मला उचलले, गुणांचा कागद घेतला आणि ते विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. का कोण जाणे, मला त्यांनी टेबलावर ठेवलेच नाही, मुठीत धरून उभे राहिले.

पद्मजा मॅडम संगणकासमोर होत्या. चार वाजेपर्यंत निष्पत्तींचा तक्ता संकेतस्थळावर चढवायचा होता. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार होती. गेल्या वर्षी दोन रकाने जुळले नाहीत म्हणून अख्खा तक्ता परत आला होता आणि मॅडमना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावे लागले होते. घड्याळात तीनला दहा कमी होते.

सरांनी सगळे सांगितले. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"सर, तुम्ही पण ना! आता सात मिनिटांच्या वर म्हणजे रद्द. मुलीचं वर्ष जाईल."

"माहीत आहे."

"मग वेळेच्या रकान्यात पाच लिहा. आत तुम्ही दोघंच होतात. बाहेरच्या पोराचा मोबाइल काय पुरावा आहे?"

मला त्यांच्या मुठीचा घाम लागत होता. खोटे पाच लिहिले तर किशोरी सुटत होती. खरे अकरा लिहिले तर तीच बुडत होती, आणि चूक मात्र सरांची होती. घड्याळाचा काटा सरकला.

"मॅडम," सर शेवटी म्हणाले, "मी संध्याकाळी देवासमोर उभा राहतो हो. आणि सकाळी त्या हितेशसमोर. दोघांनाही तोंड दाखवायचंय."

"मग काय करायचं म्हणता? मुलीला बळी द्यायचं?"

"नाही. कागदावर लिहितो, परीक्षकानं घंटी वाजवली नाही, म्हणून परीक्षा नीट झाली नाही. दोष परीक्षकाचा. आणि तिची परीक्षा आत्ता पुन्हा घेतो. सगळ्यांसमोर. तुम्हीही बसा."

"पुन्हा? अकरा मिनिटांचं पाचात कसं बसवणार ती? आणि नाही जमलं तर?"

सरांनी मला टेबलावर ठेवले, कागदावर लिहिले आणि खाली सही केली.

वर्गात बत्तीसच्या बत्तीस मुले जमली. किशोरी पांढरीफटक पडली होती. "सर, ते असं तोडून नाही सांगता येणार मला," ती एवढेच म्हणाली. सर म्हणाले, "बाळ, माझ्या चुकीची शिक्षा तुला होतेय. पण ही एकच वाट खरी आहे. येतेस?"

ती आली. पदर नव्हता, ओढणी होती, तीच खोचून उभी राहिली. सरांनी मला मधोमध ठेवले आणि या वेळी फक्त बोट माझ्या कळीवर धरले.

किशोरी म्हणाली, "कीर्तनावर लिहिणारे कीर्तनकारावर लिहितात. ऐकणाऱ्यावर कोण लिहितो? मी माझ्या आजीवर बोलणार आहे. गुणाबाई तिचं नाव. पनवेलच्या बाजारात तिनं मासळी विकली. संध्याकाळी परत जाताना वाटेत देऊळ लागायचं. तिथं सप्ताह बसला की ती थांबायची. पण आत नाही. पाटीला मासळीचा वास म्हणून दाराबाहेर, चपलांपाशी. उभी राहून ऐकायची. अशी अनेक वर्षं."

ती श्रोत्यांच्या प्रकारांवर बोलली, बुवा आणि श्रोते यांच्यातल्या देवघेवीवर बोलली. घाईने, पण नीट. वर्गात कोणी हलत नव्हते. चौथे मिनिट झाले. सरांचे बोट खाली आले. टण्!

किशोरी दचकली, शब्द गिळला, पुन्हा सावरली.

"एका सप्ताहात बुवा सात दिवस एकच कथा लावून सांगत होते. एक भक्त नदी ओलांडायला पाण्यात उतरतो, अशी. पाचव्या दिवशी बुवा उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना विचारलं, काल आपण भक्ताला कुठं सोडलं होतं? पुढच्या रांगेतली मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणाला आठवेना. टाळ थांबले. तेवढ्यात दाराबाहेरून माझी आजी म्हणाली—"

सरांचे बोट माझ्या डोक्यावर होते. ते क्षणभर अडले. मला वाटले, नको. देवा, या एका वेळी मला मुकी कर. पण सरांनी डोळे मिटले आणि कळ दाबली.

टण्! टण्!

किशोरी थांबली. ओठ तसेच राहिले. मग तिने हात जोडले आणि ती जागेवर जाऊन बसली. तिथे तिला रडू आले.

मॅडमनी आणि सरांनी वेगवेगळे गुण दिले आणि जुळवले. विषयाला चार, भाषेला चार, वेळेला दोन. समारोपाला शून्य, कारण तो आलाच नव्हता. वीसपैकी दहा. पास व्हायला आठ लागत होते. वर्ष वाचले, बी.एड. वाचले. पण निष्पत्ती साध्य झाली म्हणायला बारा लागत होते. तेव्हा किशोरीच्या नावापुढे मॅडमनी लिहिले, "साध्य नाही."

सरांनी 'साध्य नाही'ची तिन्ही नावे वाचून दाखवली, त्यांत हितेशही होता, आणि परीक्षा संपली असे सांगितले. पण कोणी उठेना.

हितेश चुळबुळत होता. शेवटी तोच म्हणाला, "ए किशोरी. काय म्हणाली तुझी आजी?"

"तुला काय करायचंय? पाच मिनिटं संपली ना?"

"अगं, मीपण 'साध्य नाही'वालाच आहे. एका रांगेतले आपण. सांग ना. घरी जाऊन जेवण जायचं नाही मला."

वर्गभर "सांग, सांग" झाले. सरांनी मला उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि वर तळवा ठेवला.

किशोरीने डोळे पुसले आणि ती उभी राहिली. या वेळी घाई नव्हती.

"आजी म्हणाली, 'बुवा, तुमचा मानूस अजून पान्यात उभा हाय! काल गल्यापरत पानी चढवलंत आन् आरती लावून तुमी जेवायला गेलात. आमी खाडीची मानसं. मना रातभर झोप नाय. आता ओहोटी कदी लागंल तेवढं सांगा.'"

वर्ग हसला.

"बुवांनी तिला आत बोलावलं. ती म्हणाली, 'नाय बुवा, पाटी सोडून कशी येऊ? मांजर टपलीय.' मग बुवा नुसते वळले. पुढच्या रांगेकडे पाठ झाली तरी दाराकडे तोंड करून उभे राहिले. सप्ताह संपेपर्यंत ते तसेच दाराकडे तोंड करून कीर्तन करत होते."

पद्मजा मॅडमचा हात गुणांच्या कागदाकडे गेला. पेनाचे टोपणही निघाले.

"मॅडम, नको," किशोरी म्हणाली. "हे घंटीनंतरचं आहे. हे मोजायचं नाही."

मॅडमनी टोपण लावले. चारला पाच मिनिटे कमी असताना तक्ता चढला : बत्तीसपैकी एकोणतीस साध्य, तीन नाही. रकाने बरोबर जुळले. तक्त्यात खोटे असे काही नव्हते. तरी कागद घेऊन जाताना मॅडम दारापाशी जरा थबकल्या, एवढे मी पाहिले.

मित्रांनो, मला घासा किंवा घासू नका, पितळ आज ना उद्या काळे पडायचेच. मोजणाऱ्यांवर माझा राग नाही. मोजावे लागते आणि खरे मोजावे, हे मी कमळाकर सरांच्या बोटाकडून शिकले. मागणे एकच आहे. तुमच्या हाती कधी अशी कळ आली, तर टोला जरूर मारा, पण मारून झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. समोरच्याचे वाक्य अर्धे राहिले असेल तर ते विचारून घ्या.

आणि चपलांपाशी पाटी घेऊन उभी असलेली, दुसऱ्याच्या गोष्टीतला माणूस बुडू नये म्हणून रात्रभर जागलेली ती गुणाबाई, तिची तेवढी आठवण ठेवा.