कुठं बसलात का?

"काय न्हाय गं, जराशी बसले."

मोरीतून आलेला आजीचा तो आवाज ललिताने ऐकला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शाळेची घाई होती. आजी बसलीय तर बसू दे, म्हणून ती निघून गेली. संध्याकाळी कळलं, खुब्याचं हाड मोडलं होतं. आजी पुन्हा उभी राहिली नाही. पण ‘पडले’ हा शब्द काही शेवटपर्यंत तिच्या तोंडून निघाला नाही.

ललिता आता भिवंडीजवळच्या शेलारमध्ये आशाताई आहे, घरोघर तब्येतीची विचारपूस करत फिरते. नव्या नर्सबाई वही उघडून विचारतात, "आजी, कधी पडलात का?" म्हाताऱ्या मान हलवतात, "न्हाय." वहीत शून्य उमटतं. ललिता विचारते, "आजी, कुठं बसलात का?" मग बोटं मोजली जातात. विहिरीवर एकदा, उंबऱ्यात दोनदा, परवा तर कोंबडीच्या पायी.

मग ती पदर खोचते. मोरीचं शेवाळ घासते, पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढते, कुणाच्या तरी लेकाला हाताशी धरून भिंतीला बांबूचा दांडा ठोकून घेते. हे कुणी तिला सांगितलेलं नाही. म्हाताऱ्यांना उठायला शिकवताना ती गाते,

"आधी बसा खाटेवर, मग टेका पाय,
भिंतीला धरा, बाई, पळत कोण जाय?"

एका रविवारी ललिता धोंडूबाईकडे गेली, तेव्हा म्हातारीच्या कपाळावरच्या जखमेत हळद भरलेली होती. काल्हेरच्या गोदामात काम करणारा तिचा लेक भरत सुट्टी म्हणून आला होता.

"ताई, तिसरी वेळ ही," तो म्हणाला. "मी शिफ्टला असतो, इथं हिच्याजवळ कोण? आता अजून एकदा झालं, की घराला कुलूप. सरळ काल्हेरला, माझ्याकडं."

"पाचव्या माळ्यावर?" धोंडूबाई फणकारली. "तिथं काय कबूतर होऊन बसू?"

भरत दांडा ठोकायला मागच्या दारी गेला. ललिता जवळ सरकली. "आजी, कुठं बसलात?"

"कुठं न्हाय."

"चक्कर आली?"

"न्हाय गं बाय. तुला काय पडण्यामागं पगार मिळतो?"

ललिता हसली. पण पायरी कोरडी होती, उजेड होता, चष्माही नवा. मग बाई तीनदा पडली कशी? तिने धोंडूबाईचे पाय मांडीवर घेतले. टाचेला जखम होती, बरीच जुनी.

"हे कधी लागलं?"

धोंडूबाईने वाकून पाहिलं. जणू दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं. "लागलंय व्हय?"

ललिताने पायांवर आपला पदर टाकला आणि आतून हलकेच एक बोट दाबलं. "कुठलं बोट धरलंय सांगा."

"करंगळी."

ललिताच्या हातात अंगठा होता.

साखरेच्या आजाराने पाय असे मुके होतात, हे तिला ठाऊक होतं. आणि हे कळल्यावर भरत काय करील, तेही. मागून हातोडीचे ठोके येत होते.

"मी त्याला सांगणार नाही," ती हळूच म्हणाली. "पण दवाखान्यात यायचं माझ्याबरोबर. उद्याच."

धोंडूबाई कितीतरी वेळ अंगणातल्या दुधीच्या वेलाकडे पाहत राहिली. ललिताने हळद पुसून कपाळावर पट्टी लावली, टाच धुतली, तरी तिची नजर हलली नाही. मग पदराने तोंड पुसून तिने हाक मारली.

"भरत! ठेव ती हातोडी. इकडं ये."

तो दारात आला.

"पायात चप्पल हाय का सुटली, ते मला खाली बघितल्याबिगर कळत न्हाय. शिमग्यापासनं." तिचा आवाज जराही हलला नाही. "म्हणून पडते मी. आता न्यायचं तर ने."