टॉप डीलरची निवांत संध्याकाळ

निवांतपणासुद्धा अंगावर येऊ शकतो, हे बाईंना त्या तलावाकाठच्या आलिशान रिसॉर्टमध्ये पाऊल टाकल्यावर कळलं. दगडांआड लपवलेल्या स्पीकरमधून बासरी वाजत होती, झुडपांच्या बुडाशी सुगंधी धूर सोडला होता, आणि जिथं नजर जाईल तिथं कुणीतरी पांढऱ्या कपड्यांत मंद हसत उभं होतं. तलावात खरेखुरे बेडूक होते. संध्याकाळी ते ओरडायला लागले की शांतता बिघडते, म्हणून बासरीचा आवाज वाढवत. असल्या शांततेला काय म्हणावं!

बाईंच्या नवऱ्याला मात्र सगळं पसंत होतं, कारण सगळं फुकट होतं. त्यांना घरीदारी सगळे शेठच म्हणत. टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं त्यांचं मोठं दुकान. वर्षभरात सगळ्यात जास्त माल खपवला म्हणून कंपनीनं त्यांना 'टॉप डीलर' ठरवून जोडीनं इथं पाठवलेलं. खोलीत शिरल्या शिरल्या शेठ तलाव बघायचा सोडून बाथरूममध्ये घुसले आणि बोटांच्या पेरांनी भिंत ठोकू लागले.

"पोकळ!" आतून ते आनंदानं ओरडले. "अगं, ऐक, ऐक. मागं सिमेंट भरलेलंच नाही. एवढा थाट, आणि टाइल पोकळ!"

मग त्या टाइलचा फोटो डीलर लोकांच्या ग्रुपवर गेला. पाठोपाठ गादीचा गेला, उशांचा गेला, आणि टॉवेल दुमडून केलेल्या हंसाचा तर दोनदा गेला.

बाईंचं घोडं एका वाक्यापाशी अडलं होतं. सोमवारपासून त्या दुसऱ्या गावी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून रुजू होणार होत्या, आणि राहायलाही तिथंच जाणार होत्या. कायमच्या. एवढंच नवऱ्याला सांगायचं होतं.

लग्न झाल्यावर आठवड्याभरातच शेठनी त्यांना दुकानाच्या काउंटरवर बसवलं होतं. बसशील का, असं विचारलं नव्हतं. त्यानंतर सव्वीस वर्षं घर कुठं घ्यायचं, मुलीनं काय शिकायचं, बाईंनी आईला भेटायला कधी जायचं, सगळं शेठ सांगत आले आणि बाई मान डोलवत आल्या. मारझोड नाही, व्यसन नाही. नातेवाईक म्हणत, नशीब काढलंस हो. या नशिबाचा बाईंना वीट आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या मान डोलवण्याचा.

लेकीला सगळं ठाऊक होतं. "आई, तिथं निवांत असाल, तिथंच सांगून टाक," असं ती फोनवर म्हणाली होती. "नाहीतर सोमवारी दुकानाचं शटर उघडायला तूच जाशील, बघ."

निवांत! गाडीत सांगावं तर शेठ फोनवर. जेवताना सांगावं तर ते ताटाचे फोटो काढण्यात गर्क. दुपारी बाईंनी घसा खाकरून "अहो" म्हटलं, तर उत्तर म्हणून घोरणं आलं. असं करता करता संध्याकाळ झाली.

पाण्यावर लाकडी डेक होता आणि त्यावर मोजकीच टेबलं. संध्याकाळची सगळी व्यवस्था एका तरुण मुलीकडे होती. घरात कुणी आजारी असल्यासारखी ती कुजबुजत बोलायची, म्हणून बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव मऊताई ठेवलं होतं.

"सूर्यास्त सुरू होतोय," मऊताई प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगत होती. जसा काही तो तिनंच मागवला होता.

डेकच्या अगदी टोकाला, तिन्ही बाजूंना पाणी असलेलं एक टेबल रिकामं होतं. त्यावर 'राखीव' अशी पाटी. शेठनी इकडं तिकडं पाहिलं, पाटी उचलली, शेजारच्या टेबलावर ठेवली आणि स्वतः टोकाच्या टेबलावर ऐसपैस बसले.

"अहो, ते कुणाचंतरी आहे."

"आपण टॉप डीलर आहोत. राखीव म्हणजे आपल्यासाठीच. बस."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! बाई बसल्या. त्यांना स्वतःचा राग आला. जी बाई 'बस' म्हटल्यावर बसते, ती काय नवरा सोडून जाणार? थोड्या वेळानं एक तरुण जोडपं आलं. पाटी बघून मुलगी शेजारच्या टेबलावर बसली, आणि तिच्याबरोबरचा तरुण काहीतरी आणायला म्हणून घाईघाईनं आत गेला.

सूर्य पाण्याला टेकला तसे बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "अहो, फोन खाली ठेवा. मला बोलायचंय."

आणि डेकवरचे दिवे मालवले. काठावर मेणबत्त्या पेटल्या. बासरी थांबून कुठूनतरी एक व्हायोलिनवाला उगवला तो थेट बाईंच्या खुर्चीमागं. समोरून एक तराफा तरंगत आला आणि त्यावर पांढऱ्या फुलांनी लिहिलं होतं: 'माझ्याशी लग्न करशील?'

सगळ्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं. तिच्यामागं दारात तो तरुण हातात अंगठीची डबी घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. बाईंना एका क्षणात सारा घोळ कळला.

"अहो, हे आपल्यासाठी नाही. पाटी तुम्ही हलवलीत..."

"गप गं. कंपनीनं केलंय." शेठचे डोळे चमकले. त्यांनी मऊताईच्या हातात आपला फोन कोंबला. "व्हिडिओ घ्या. आडवा धरा, आडवा."

मऊताईनं तोंड उघडलं, पण कुजबुजायची सवय. टाळ्यांत काय ऐकू येणार? शेठ खुर्चीला धरून, कण्हत, गुडघ्यावर बसले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं तर चांगला मुरलेला नवरा गुडघ्यावर आला होता.

"माझ्याशी लग्न करशील?" शेठनी तराफ्यावरचं वाचून दाखवलं, कॅमेऱ्याकडं बघत.

बाईंनी त्या गुडघ्याकडं पाहिलं. या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही विचारलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या फुलांवरून वाचून. त्यांच्या पोटातली भीती कुठं गेली कोण जाणे. उरली ती निव्वळ चीड.

"नाही," त्या म्हणाल्या.

कुणीतरी खिदळलं. शेठही हसले. "लाजतेय हो!" असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि मऊताईला हात केला. "तेवढं कापा हं. परत घेऊ." मग ओठ न हलवता बाईंना म्हणाले, "हो म्हण ना. ग्रुपवर टाकायचाय."

शेठनी घसा साफ केला, पुन्हा कॅमेऱ्याकडं पाहिलं. "माझ्याशी लग्न करशील?"

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "सोमवारी मी जातेय. मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची नोकरी घेतलीय, राहायलाही तिथंच. परत येणार नाही. आता विचारलंतच, म्हणून सांगितलं."

व्हायोलिनवाला मधेच थांबला. मऊताईनं फोन खाली घेतला. बासरी बंद असल्यामुळं बेडकांचा आवाज चांगला मोकळा ऐकू येत होता. शेठ तसेच गुडघ्यावर. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत गेलं आणि बाईंना दिसलं की या खेपेला त्यांना नीट ऐकू गेलंय.

बाईंनी कित्येक दिवस एकाच प्रश्नाची धास्ती घेतली होती. का जातेस, असं शेठनी विचारलं तर? त्याची उत्तरं त्यांनी काउंटरवर बसून मनातल्या मनात जुळवली होती, खोडली होती, पुन्हा जुळवली होती. खरं सांगायचं तर तो प्रश्न यावा, असंही त्यांना कुठंतरी वाटत होतं.

शेठनी ओठांवरून जीभ फिरवली.

"मग काउंटरवर कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

बाईंना आधी हसू आलं. मग डोळे भरून आले. त्यांनी ते पदरानं पुसले आणि उठून उभ्या राहिल्या.

"माणूस ठेवा," त्या म्हणाल्या. "पगार द्यावा लागेल त्याला."