भोंग्यातली सुमन

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एका गोठ्याची लांबलचक भिंत होती. तिच्यावर पिवळा रंग, लाल अक्षरं, 'सुमन नागली पापड, चव तीच', आणि शेजारी एका बाईचा चेहरा. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एसटीतून जाताना मी मुद्दाम दुसरीकडे मान वळवायचे, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून ती दिसायचीच. ती बाई म्हणजे माझी सवत. मेलेली.

कुणी मला जळकी म्हणत असेल तर खुशाल म्हणो. दुसरेपणावर आलेल्या बाईला मेलेलीचा टाक गळ्यात घालावा लागतो, तो मी घातला. मंगळसूत्राशेजारी तिच्या नावाचा सोन्याचा एवढासा टाक, आंघोळीलासुद्धा काढला नाही. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घातली. पुरण मी शिजवलं, सवाष्णीची साडी मी निवडली, आणि चांगली निवडली. गळ्यातली सवत मी सांभाळली, पानावरची सांभाळली. पण भिंतीवरची मला सोसवेना.

ही सुमन आमच्या ह्यांची पहिली बायको. ह्यांचं नाव धनराज. इंदिरानगरात घराच्या मागच्या खोलीत तिने नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करायला घेतले, ह्यांनी सायकलवर दुकानादुकानात पोचवले, आणि धंदा जरा बसतोय तोच ती काविळीने गेली. वर्षाने मला आणलं. मी घोटीकडची. आमच्याकडे नागली घरची, पापड मी परकरात असल्यापासून लाटतेय. मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझा चेहरा पाहिला की पोह्यांबरोबर ठेवलेला पापड, देव जाणे.

तिच्या हातचे पापड मी खाल्लेत. मी आले तेव्हा एक डबा उरला होता घरात. जाड, आणि पापडखार इतका की जीभ चरचरावी. मी उकड बदलली, तीळ घातले, हिरवी मिरची वाटून घातली, आणि पापड असा पातळ लाटला की पलीकडचं दिसावं. तेव्हा कुठे खप वाढला. आणि पाकिटावर काय? तिचा गोल फोटो, खाली 'चव तीच'. एकदा कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या शकुबाई पापड न्यायला आल्या. माझ्यासमोर एक तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "सुमनबाई गेल्या, पण हातची चव मागे ठेवून गेल्या हो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "हो ना, बघा की, मेलेल्या बाईचे हात अजून किती भराभर चालतात." शकुबाई उरलेला तुकडा तसाच ठेवून चालत्या झाल्या. पुन्हा काही त्या आल्या नाहीत, आणि गिऱ्हाईक तोडतेस म्हणून ह्यांनी मला सुनावलं ते वेगळंच.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. माझ्या हातच्या पापडावर माझं नाव. कमळा. बास, एवढंच.

अठ्ठ्याण्णव साल असेल. बाहेरगावचे यंत्रावरचे पापड नाशकात आले. चकचकीत पाकीट, वर टीव्हीवर जाहिरात. दुकानदार आमची पाकिटं मागच्या फळीवर ढकलायला लागले, तसा ह्यांना घाम फुटला. आपणही जाहिरात करायची, दणक्यात करायची, असं ठरलं. पण ऐपत एकाच प्रकाराची. तो कुठला, हे ठरवायला ह्यांनी मनोजला घरी बोलावलं. मनोजचं शालिमारला जाहिरातीचं दुकान. भिंती रंगवून द्यायचा, सिनेमाच्या स्लाइड करायचा, कॅसेटी भरून द्यायचा. त्याने टीपॉयवर सगळे नमुने पसरले. मी चहा दिला आणि दारातच उभी राहिले.

"बसा ना वहिनी," तो म्हणाला.

"नको. इथून सगळं नीट दिसतं."

त्याने भिंतींपासून सुरुवात केली. पेठ रोड, गंगापूर रोड, पार घोटीपर्यंत भिंती घेऊ म्हणाला. "गोरक्ष पेंटरचा हात बसलाय आता सुमनवहिनींच्या चेहऱ्यावर. डोळे मिटून काढतो."

सुमनवहिनी! ह्या बाब्याने तिला जन्मात पाहिलेली नव्हती. मी म्हटलं, "भिंतीवर माणसं काय काय करतात ते सांगू का? त्र्यंबक रोडच्या भिंतीवर कुणीतरी पानाची पिचकारी मारलीय. बरोबर नाकावर." हे एकदम चपापले. पिचकारी खरीच होती. आणि खोटं कशाला बोलू, ती पाहून मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले होते.

मग निघाली सिनेमाची स्लाइड. इंटरव्हलला पडदाभर चेहरा, मनोज हात फैलावून म्हणाला. पडदाभर! "इंटरव्हलला माणसं वडा आणायला पळतात, नाहीतर मुतारीला," मी म्हटलं. "पापड कोण बघत बसतंय?" मनोज केबलवर आला. दुपारच्या पिक्चरमध्ये मधेमधे फोटो दाखवायचा, मागे बासरी. मी विचारलं, "आणि लाइट गेले की? बासरी कोण वाजवणार, तुम्ही?"

ह्यांच्या मनात मात्र पहिल्यापासून कॅलेंडर होतं. "कॅलेंडर बारा महिने घरात राहतं," हे म्हणाले. "बायका त्यावर दुधाचे खाडे मांडतात, रोज नजर जाते. वर तिचा मोठा फोटो टाकू. तो हळदीच्या साडीतला." बोलताना ह्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला तो ओळखू येईना. माझ्याशी बोलताना कधी झाला नव्हता तसा. मला दिसायला लागलं, माझ्याच स्वैपाकघरात खिळ्याला टांगलेली ती, हळदीच्या साडीत, आणि मी खाली बसून भाकरी थापतेय.

"वर्ष संपलं की त्या कॅलेंडरचं काय होतं ठाऊक आहे?" मी म्हटलं. "फडताळात अंथरतात. तिच्या तोंडावर तेलाचा डबा ठेवलेला चालेल तुम्हाला?"

ह्यांना नसता चालला. मला चालला असता.

मनोजने नमुने गोळा केले. "मग तुम्हीच सांगा वहिनी, काय करायचं?"

"रिक्षा," मी म्हटलं. "भोंगा लावलेली. सकाळी अकराला बाई ओट्याशी असते, हात कामात आणि डोळे आमटीवर. कान तेवढे मोकळे असतात. गल्लीत भोंगा वाजला की ती काय आलंय बघायला गॅलरीत येतेच. पाकिटं रिक्षातच ठेवा. तिने दुकानात जायची वाट कशाला बघायची, तिथल्या तिथे विका."

मी बोलले त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. माझं कारण एवढंच, की भोंग्याला फोटो लावता येत नाही.

"अगं, एवढं डोकं आहे तुला, आणि इतकी वर्षं गप्प बसलीस?" हे म्हणाले. मी फुलले. कौतुकाला किती भुकेलेली होते ते मला त्या दिवशी कळलं.

कॅसेट भरायला आम्ही मनोजच्या दुकानी गेलो. मागे एक कोंदट खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. तिथे सृष्टी नावाची कॉलेजातली मुलगी बोलायला आली होती. तिने मजकूर एकदा वाचून दाखवला. आवाज गोड होता, नाही म्हणत नाही.

"वा!" हे म्हणाले. "अगदी सुमनसारखा आवाज आहे हो."

झालं! माझं डोकंच फिरलं. चेहरा घालवायला मी एवढा खटाटोप केला, आणि आता सवतीचा आवाज गल्लोगल्ली फिरवायचा? मी त्या पोरीच्या हातातून कागद ओढून घेतला. "पापड मी करते. बोलणार पण मीच."

माइकपुढे बसले आणि कागदाकडे पाहिलं. 'नमस्कार मैत्रिणींनो, मी सुमन.'

"इथे 'मी कमळा' केलं तर?" मी विचारलं.

मनोज म्हणाला, "वहिनी, पाकिटावर सुमन आणि भोंग्यात कमळा? लोकांना वाटेल माल डुप्लिकेट आहे."

डुप्लिकेट! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे फरशीकडे बघत होते. "नाव रुळलंय गं," एवढंच म्हणाले. ती सृष्टी कागद परत घ्यायला हात पुढे करून उभी. तिला दिला असता तर सुमनसारखा आवाज नाशिकभर घुमला असता, आणि आमचे हे जेवणखाण सोडून रिक्षाच्या मागे फिरले असते. त्यापेक्षा माझंच तोंड विटाळलेलं बरं. मी मनोजला म्हटलं, "करा चालू."

'मी सुमन' म्हणून टाकलं. पुढे मात्र कागद बाजूला ठेवला आणि मनचं बोलले, "या गं बायांनो, गॅलरीत या! पापड डोळ्याला लावून बघा, पलीकडचं झाड दिसेल!" मनोजने काचेपलीकडून अंगठा दाखवला.

रिक्षा पहिल्यांदा आमच्याच गल्लीत आली. पिठाच्या हातांनी मी गॅलरीत धावले. माझा आवाज, एवढा मोठा! समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका पटापट खाली उतरल्या. दुपारपर्यंत रिक्षा रिकामी झाली. मग सिडको, पंचवटी, नाशिकरोड. पापड पुरेनात, लाटायला आणखी बाया लावल्या. मी हवेत होते, खरंच सांगते.

मग एक दिवस भाजीबाजारात मेथीचा भाव करत होते. माझा आवाज ऐकून भाजीवाली नवसाबाई जुडी हातात धरून थांबली. "अय्या, तुम्ही रिक्षातल्या ना? सुमनबाई!"

"नाही, मी कमळा."

"असं कसं? तुम्हीच तर सांगता की, मी सुमन म्हणून."

आजूबाजूच्या बाया हसल्या, मीही हसले. दुसऱ्या खेपेला कुणी हटकलं तेव्हा मी नुसती मान हलवली. पुढे पुढे बँकेत, देवळात, दळणाच्या गिरणीत कुणी सुमनबाई म्हटलं की तोंडातून 'ओ' निघून जायचा. दर वेळी नाही म्हणायचा कंटाळा येतो माणसाला.

रिक्षा घोटीच्या बाजाराला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी आई आली. आक्काबाई तिचं नाव. पाणीसुद्धा न घेता उंबऱ्यात बसली.

"काल बाजारात ती रिक्षा आली व्हती. तूच बोलत व्हतीस ना?"

"हो."

"मंग सुमन कोन हाय?"

"धंद्याचं नाव आहे गं आई ते."

"सवत हाय ती तुझी! सवतीचं नाव आयकलं तरी बायांच्या कपाळाला आठी पडती, आन् तू भोंग्यातून वरडती, मी सुमन, मी सुमन. लय वर्सं तिच्यावर जळलीस. आन् आता तूच तिला गावोगाव फिरवाया निघाली? येडी का खुळी तू?"

"नवऱ्याचा धंदा आहे, आई."

"धंदा कर की. कोन नको म्हनतंय? पन कमळा कुठं हाय त्याच्यात? मला तर नाय दिसली."

आई जेवून गेली, पण मला दिवसभर घास गोड लागला नाही. कुणी परक्याने म्हटलं असतं तर भांडले असते. नवी पाकिटं छापायला टाकायची होती, ठसा अजून बनायचा होता. मी ठरवलं, आज काय तो सोक्षमोक्ष. पाकिटावर कमळा, भोंग्यात कमळा, आणि तो गोल फोटो बंद. नाहीतर उद्यापासून उकड मळायला दुसरी कुणी बघा. भांडी घासता घासता सगळं बोलणं मनात पाठ केलं, अगदी ह्यांच्या 'पण'ला काय उत्तर द्यायचं तेसुद्धा.

संध्याकाळी हे आले. जिन्यातूनच शीळ ऐकू येत होती, म्हणजे स्वारी खुशीत होती. खुर्चीत बसल्याचा आवाज आला. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी नावाने हाक मारलेली नव्हती. 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का'. मी वाट बघत होते की 'अगं' म्हणतील आणि मी बाहेर जाऊन तोंड उघडेन.

"सुमन, पाणी आण गं," बाहेरून हाक आली.

"आणते," मी म्हटलं.

माठातून पाणी घेतलं, बाहेरच्या खोलीत आले, आणि तिथे माझे पाय थांबले. हे चप्पल काढत होते, वर बघितलंसुद्धा नाही.

"कुणाला हाक मारलीत?" मी विचारलं.

आता ह्यांनी वर पाहिलं. खरोखरच कळलं नव्हतं ह्यांना. माझ्याकडे बघून हसले, आणि त्या कॅलेंडरच्या वेळेसारख्या मऊ आवाजात म्हणाले, "तुलाच की. घरात दुसरं कोण आहे?"

हे वाक्य ऐकायला मी लग्न झाल्यापासून जीव टाकत होते. हे खोटं बोलत नव्हते हो. ह्यांच्या डोळ्यांत मीच होते, दुसरं कुणी नव्हतं. आणि नाव मेलं तिचं. पाठ केलेलं सगळं बोलणं फुकट गेलं. पेला मी टीपॉयवर असा आपटला की निम्मं पाणी सांडलं. "अगं, झालं काय?" हे विचारत राहिले. काय सांगू, कपाळ! इतकी वर्षं जळायला निदान एक बाई होती. आता जळू तरी कुणावर?