थांबायला सांगणारी तीन वाक्ये

मित्रांनो, मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. पुस्तिका म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कागद येईल, पण मला ना कागद ना शिलाई. मी संगणकातच जन्मले, तिथेच राहते. मला माणसे फारशी वाचतही नाहीत. माणसांची कामे करून देणारे, एजंट नावाचे हुशार प्रोग्राम मला वाचतात. ब्राउझर आपोआप चालवणारे एक साधन त्यांच्या हाती दिलेले असते. पान कसे उघडायचे, रकाना कसा भरायचा, बटण कधी दाबायचे, हे मी त्यांना सांगते. बिचारे फार आज्ञाधारक. माझ्यात जे लिहिले असेल ते निमूटपणे करतात.

मला एका ताईने लिहिले. तिची रीत मोठी गमतीची होती. नवे वाक्य लिहिले की ती आपल्या बाबांना संगणकासमोर बसवायची. बाबांचे सारे आयुष्य शिवणयंत्रावर गेलेले, संगणकातले त्यांना ओ की ठो कळत नसे. ताईला तेच हवे होते.

"मी वाचीन तेवढंच करायचं, बाबा. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"तुझ्या आईने चाळीस वर्षं हेच तर शिकवलंय," बाबा म्हणायचे.

बाबा अडले, की चूक माझी. एकदा त्यांनी बटण दाबले, पान काही हलेना, म्हणून पुन्हा दाबले. एकच अर्ज दोनदा गेला. ताईने कपाळाला हात लावला, तर बाबा म्हणाले, "तू थांबायला कुठे सांगितलंस?"

ताई हसली. मग तिने माझ्यात लिहिले, 'बटण एकदाच दाबा. पान बदलेपर्यंत थांबा. बदलले नाही तर पुन्हा दाबण्याआधी पान वाचा.'

पुढे दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. एजंट बिनचूक कामे करत आणि कचेरीत माझे नाव निघे. मी हुरळून गेले होते, खोटे कशाला बोलू? मग ताईला त्याच कचेरीत दुसरे काम मिळाले आणि माझ्याकडे कोणी फिरकेनासे झाले. एका दुपारी नव्या प्रमुखांनी मला उघडले. "वाचणारं यंत्र आहे, त्याला एवढं पाल्हाळ कशाला?" असे म्हणून त्यांनी मला साठ पानांवरून बारा पानांवर आणले. ती तीन वाक्येही गेली. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडले असते.

त्याच वर्षी बाबांना काचबिंदू असल्याचे कळले. उजवा डोळा तोवर गेलाच होता. डाव्याची शस्त्रक्रिया महिन्याच्या आत व्हायलाच हवी, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. रुग्णालयाची तारीख घ्यायचे काम ताईने कचेरीतल्या एजंटवर सोपवले. "पुस्तिका माझ्या हातची आहे, बाबा. चुकायची नाही," ती म्हणाली.

एजंटने मला वाचले आणि बटण दाबले. पान हलेना, तेव्हा पुन्हा दाबले. तेवढ्यात तारीख पक्की होऊन त्याच जागी 'रद्द करा' हे बटण आले होते. ताईच्या फोनवर दोन संदेश आले. तिने पहिला वाचला आणि दुसराही तोच असेल म्हणून सोडून दिला.

ठरल्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून, उपाशीपोटी रुग्णालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवले. "ही तारीख रद्द झालीय. तुमच्याकडूनच झालीय." पुढची तारीख सात आठवड्यांनी होती. अलीकडची मिळावी म्हणून ताईने किती उंबरठे झिजवले. पण ती तारीख येण्याआधीच डाव्या डोळ्यातलाही उजेड गेला.

त्या संध्याकाळी ताईने मला उघडले आणि वरपासून खालपर्यंत तीनदा वाचले. बाबा शेजारीच बसले होते.

"काय शोधतेस गं?"

"मी लिहिलेलं काहीतरी."

"सापडलं?"

ताई पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली. बाबांनी चाचपडत तिचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

मित्रांनो, जुन्या लिखाणातले एखादे वाक्य तुम्हाला फालतू वाटले, तर ते खोडण्याआधी लिहिणाऱ्याला एकदा विचारा. कोणीतरी कुठेतरी अडलेले असते, म्हणून ते लिहिलेले असते. आमच्या प्रमुखांना तर विचारायला लांब जावे लागणार नव्हते. त्या दुपारी ताई शेजारच्याच खोलीत बसली होती.