वाटणीत आलेला लामा

मित्रांनो, मी एक म्हातारा लामा आहे, उंटाच्या कुळातले लोकरीचे जनावर. रंगाने तपकिरी, म्हणून निकासिओबाबांनी त्यांच्या भाषेत माझे नाव चुम्पी ठेवले. आंदीजच्या उंच पठारावर, त्यांच्या कळपात माझा जन्म झाला. वेळ दुपारची होती. संध्याकाळच्या गारठ्याआधी माझे अंग वाळले आणि मी आईच्या मागे चालू लागलो.

मोठा झाल्यावर पाठीवर मिठाच्या लाद्या आल्या. आम्ही ओळीने, मी सर्वांत पुढे, खालच्या खोऱ्यात मीठ नेत असू आणि मका घेऊन परतत असू. बाबा ओझे बेताचेच लादत. कधी जास्त झाले तर मी खाली बसे. मग कोणी कितीही ओढो, उठत नसे. "बसले बघा साहेब!" असे म्हणून ते हसत आणि एक लादी उतरवत. ते माझी नखे कापत, लोकर कातरत, कानांत लाल गोंडे ओवत. वाटेवरच्या गावांत लोक म्हणत, "पुढे चालणारा असावा तर असा!"

मग बाबा वारले. त्यांच्या दोन मुलींचे, थोरल्या कासिमिराचे आणि धाकट्या बेनिग्नाचे, कुरणावरून भांडण झाले.

"लग्न करून खोऱ्यात गेलीस, आता कुरण कशाला हवं तुला?" थोरली म्हणाली.

"नको तर नको! पण बाबांचा चुम्पी मी नेणार," धाकटी म्हणाली आणि माझी दोरी धरून निघाली. मागे कळप हुंकारत होता.

बेनिग्नाचा नवरा शहरात कामाला गेला, तो परत आलाच नाही. अंगणात ती एकटी आणि मी एकटा. तिची माया खोटी नव्हती. ती मला मका चारी, गोड पाव भरवी, थंडी वाजेल म्हणून लोकर कातरत नसे. पण खोऱ्यातले ऊन कडक होते. मका पोटाला सोसेना. मऊ मातीत नखे झिजेनात, ती वाकडी वाढली. हेही मी निभावले असते. मात्र दिवसभर हुंकार द्यावा आणि कोणाचेच उत्तर येऊ नये, हे काही निभले नाही. मी चारा सोडला. एके सकाळी पाठीवर ओझे नसतानाच खाली बसलो, तो उठलोच नाही.

शेजारचा तेओफिलो कुंपणाला टेकून म्हणाला, "वहिनी, हा काही जगत नाही. आजच काप, सुकवलेलं मांस तरी पदरात पडेल."

"आधी तुझी जीभ सुकव," बेनिग्ना म्हणाली. तिने शाल गुंडाळली आणि डोंगर चढू लागली. भांडणानंतर प्रथमच.

परतली तेव्हा सोबत कासिमिरा होती, आणि दोरीला धरून आणलेली एक पांढरी लामा मादी. कासिमिराने माझ्या लोकरीत हात घातला.

"अगं, उकडून निघालाय हा! आणि मका चारलास? त्याला गवत लागतं, ताजं पाणी लागतं."

"मला वाटलं, लाड करतेय."

"लाड म्हणे! आणि असा एकटा ठेवलास? लामा एकटा राहत नाही, एवढंही बाबांच्या घरात शिकली नाहीस?"

बेनिग्नाने ताज्या पाण्याची बादली आणून ठेवली. मग हळूच म्हणाली, "अक्का, एकटं कोण राहतं गं?"

कासिमिराने कात्री मागून घेतली आणि माझी लोकर कातरू लागली. बेनिग्नाने माझी मान धरून ठेवली. पांढरीने तोंडाशी तोंड आणून हुंकार दिला. मी उत्तर दिले.

मला चालता येऊ लागले तशी बेनिग्नाने घराला कडी घातली आणि आम्ही सगळे डोंगर चढून आलो. कुरणाची वाटणी आता उरलेली नाही. दोघी बहिणी मात्र रोज भांडतात.

मित्रांनो, कधी लामा पाळलात तर त्याला गवत द्या, स्वच्छ पाणी द्या, वाऱ्याला आडोसा करा, लोळायला कोरडी धूळ ठेवा, नखांकडे लक्ष असू द्या. आणि एकच लामा आणू नका. दोन आणा. ते भांडतील, एकमेकांवर थुंकतील. थुंकू द्या.