दोन सह्या

कनेरगाव नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये उत्तमसिंगनं तिसऱ्यांदा तोच नंबर लावला. बाहेर चुलतभाऊ मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. तांड्यावर पोराच्या धुंडीची, म्हणजे पहिल्या होळीच्या विधीची, तयारी झाली होती, आणि बाप इथं काचेच्या खोक्यात घाम पुसत होता. पहिल्या होळीला लेकाची धुंड चुकवली, तर तांडा जन्मभर बोलणार.

त्याच धुंडीसाठी तो चार दिवसांमागं अणुवीज केंद्रातून घाईनं निघाला होता. तेव्हा भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. मुख्य नळ फुटून पाणी गेलं, तर राखीव टाकीतलं पाणी इंधनावर यावं म्हणून एक झडप कायम उघडी ठेवायची. पाणी आलं नाही, तर भट्टी बंद करूनही इंधन आपल्याच उष्णतेनं तापत जातं आणि त्याच्या नळ्या फुटतात. दुरुस्तीत बंद केलेली ती झडप पुन्हा उघडली का, हे एकानं पाहायचं, मग दुसऱ्यानं वेगळं जाऊन पाहायचं आणि दोघांनी सही करायची. गाडी चुकेल म्हणून उत्तमसिंगनं न पाहताच सही ठोकली. दुसरी सही व्यंकटरावांची होती, मग काळजी कसली? कळमनुरीचा हा माणूस चष्मा पुसून पुसून कागद वाचणारा. उत्तमसिंगला नोकरीला लावलं तेही त्यांनीच.

केंद्राच्या वसाहतीत व्यंकटरावांच्या घरी फोन लागला. उत्तमसिंगनं सगळं खरं सांगून टाकलं.

“दादा, तुमी तरी पाहिली ना झडप?”



“तुजी सही व्हती,” व्यंकटराव म्हणाले. “आपल्याच माणसाच्या मागं जाऊन काय पाहावं? बरं दिसतं का ते?”

भरवशाच्या म्हशीला टोणगा, आणि तोही दोन्हीकडून. भट्टी परवाच सुरू झाली होती. ती थांबवल्याशिवाय झडपेच्या खोलीत किरणांमुळं माणूस जाऊ शकत नव्हता, आणि का थांबवायची हे सांगितलं की दोघांची नोकरी जाणार. व्यंकटराव समजावू लागले. वीस वर्षांत नळ फुटला नाही, आता कशाला फुटेल? पुढच्या दुरुस्तीत पाहून घेऊ. तू धुंड कर, लेकराला माझा आशीर्वाद सांग. उत्तमसिंगला ते पटत चाललं होतं. खोटं कशाला बोला, त्याला ते पटायला हवंच होतं.

मग त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. तरी लेकीशी बोलल्याचा आवाज आला.

“कोमल, आईला म्हण, पिशव्या भर. आज दुपारच्या गाडीनं तुमी दोघी कळमनुरीला जा. काहून म्हणून इचारू नका.”

उत्तमसिंगनं फोन ठेवला. भावाला हातानंच सांगितलं, तू हो पुढं. मग कंट्रोल रूमचा नंबर लावला, आणि ड्यूटीवरच्या साहेबांनी उचलल्यावर आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं.